आवळायला परत या

गाडीखालून काहीतरी गळत होतं.

मंचरला हायवेच्या कडेला, बायडाबाईच्या चहाच्या टपरीसमोर जयाने पिकअप उभी केली, तेव्हा मागच्या चाकापाशी मातीत एक थेंब पडला... मग दुसरा. टपरीला लागूनच गाड्यांच्या पाट्यांचं, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांचं, गॅरेज होतं. तिथून एक तरुण हात पुसत आला, वाकला, थेंब बोटावर झेलला, हुंगला आणि — जया "अहो, थांबा" म्हणेपर्यंत — सरळ जिभेवर ठेवला.

त्याचे डोळे मोठे झाले.

"ताई, डिझेल न्हाई हे. डिझेल इतकं गोड असतं तर मी डबा आणायचा बंद केला असता."

"मध आहे तो," जया म्हणाली. एरवी ती हसली असती. पण हौद्यातल्या मधमाश्यांच्या पेट्यांमध्ये तिने जाळीतून डोकावून पाहिलं आणि ओढणीने डोळे पुसले. दोन पेट्यांमधली पोळी चौकटींतून निखळून तळाशी पडली होती. त्या मधात बुडालेल्या माश्या पाय झाडत होत्या.

"पोरी, आधी च्या घे," बायडाबाईने कप पुढे केला. "मंग रड. उपाशीपोटी रडू न्हाई."

जयाने बीएस्सी केलं होतं, प्राणिशास्त्रात. तिच्या गावच्या, बोरी बुद्रुकच्या शिवारात कांद्याच्या बियाण्याचे प्लॉट असतात, थंडी सरताना त्यांना पांढऱ्या फुलांचे चेंडू येतात, आणि माश्या फिरल्या तर बी चांगलं भरतं, हे तिने कॉलेजात वाचलं आणि मग दोन हंगाम शेतात उभं राहून पाहिलं. म्हणून तिने सातेरी माश्या पाळल्या. कांदा फुलला की पेट्या बोरीला, कांदा संपला की डिंभ्याच्या वर, ओळखीच्या कुशाबाच्या वाडीत, जांभळाच्या मोहरावर. त्यासाठी ही जुनी पिकअप. पण सातेरी मोठी मानी जात. पोळी तुटली, दणके बसले, की पेटी सोडून सगळी वसाहत उडून जाते. मागच्या खेपेला तेच झालं होतं, आणि आण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, जेवता जेवता शांतपणे सांगितलं होतं, "जयू, आता माश्या वर नेताना पुन्हा मोडतोड झाली तर गाडी विकायची. पुण्याला मावशीनं लॅबमधली नोकरी बघून ठेवलीय. वाद नको."

तिने वाद घातला नव्हता. वाद घालायला हातात काही पुरावा नव्हता. आणि आज तर पेट्या खाली बोरीला आणतानाच दोन मोडल्या होत्या; वर न्यायच्या आधी गाडी सुधारायलाच हवी होती.

त्या तरुणाचं नाव सोपान. गॅरेज त्याचंच. तो गाडीच्या मागे गेला, हौद्याच्या कडेवर उभा राहिला आणि त्याने दोनदा जोर देऊन खाली दाबलं. गाडी हललीसुद्धा नाही.

"आधी कांदा वाहत व्हती का ही?"

"हो. ओतूरच्या एका व्यापाऱ्याची होती."

"तरीच. दोन पाटे जादा घातल्यात." तो खाली बसला. मागच्या चाकांवर वाकवलेल्या पोलादी पट्ट्या एकावर एक बसवल्या होत्या, लांब वर, आखूड खाली. "कांद्याचं काय ओ, तो दुसऱ्याला रडवतो, सोता रडत न्हाई. त्याला किती बी दणके द्या. पण हलकं ओझं असलं की हे पाटे वाकायलाच तयार न्हाईत. खड्डा आला की सगळा दणका वर."

"मग कमी करा पाटे."

सोपान तिच्याकडे बघतच राहिला. त्याच्याकडे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक एकच सांगायचं — 'सोपानराव, अजून एक पाटा वाढव.' कमी कर म्हणणारी ही पहिलीच.

"लई नाजूक काम हाय," तो म्हणाला. "पण... करू."

---

पेट्या बोरीला पोचवून ती गाडी घेऊन परत आली, तेव्हा सोबत एक पितळी कळशी होती.

"ही कशाला?"

"मोजायला," जया म्हणाली. "गळ्यापर्यंत पाणी भरायचं, हौद्यात ठेवायची, वाईट रस्त्यावरून न्यायची. परत आल्यावर किती उरलं ते बघायचं. जितकं सांडेल तितका दणका."

"आन् धरणार कोण?"

"तुम्ही. तुमचंच काम आहे ना?"

सोपानने दोन्ही जादा पाटे काढले होते, उरलेल्यांचा गंज घासून मधे ग्रीस भरलं होतं. पेट्यांच्या वजनाच्या विटा हौद्यात रचल्या, मधे कळशी मांडीत घेऊन तो बसला. जया स्टिअरिंगवर. घोड नदीकडे उतरणाऱ्या गाडीवाटेवर दगडच दगड. मागच्या काचेतून आवाज यायचा, "बेस चाललंय! अगदी पाळण्यात बसल्यागत!" तिला आरशात त्याचं डोकं दिसत होतं, आणि आरसा आपण थोडा जास्तच त्याच्याकडे वळवलाय हेही तिला दिसत होतं. मग ओढ्याची घळ आली. गाडीचं मागचं अंग खाली बसलं आणि — ठण्!

तिने ब्रेक दाबला. मागे सोपान नखशिखान्त भिजला होता. कळशी जवळजवळ रिकामी.

"पाळण्याचं काय झालं?" तिने विचारलं.

"दोरी तुटली." त्याने केसांतलं पाणी झटकलं. "लई मऊ झालं. आक्सल वर जाऊन आपटला."

दोघं वाटेच्या कडेला उकिडवे बसून गाडीखाली बघत राहिले. जयाने काडीने मातीत कमान काढली. "दगडांवर मऊ पाहिजे. आणि घळीत गेल्यावर कडक. दोन्ही पाहिजे."

"खाली एक जाडा पाटा ठेवता येतो," तो सावकाश म्हणाला. "वरच्यांना न टेकणारा. वरचे पुरते वाकले की मगच ते येऊन त्याच्यावर टेकतात."

"मग आधी का नाही बोललात?"

"तुमी लई ठामपणे 'कमी करा' म्हनला व्हता."

"मी चूक होते, असं म्हणा ना मग."

"निम्मी," तो म्हणाला. "आन् निम्मा मी. मला बी वाटलं, चालंल."

दोघंही हसले. त्याच्या भुवईवरून एक थेंब ओघळत होता. जयाने ओढणीचं टोक अर्ध्यापर्यंत पुढे नेलं... आणि त्याने आपलं आपण पुसून घ्यावं म्हणून ते त्याच्या हातात दिलं.

आधाराचा पाटा बसवला त्या दिवशी कळशीतलं पाणी चार बोटंच उतरलं. सोपानने विटा हौद्यातच राहू दिल्या आणि पाना घेतला.

"वजन पडल्याबिगर शेवटचं आवळायचं न्हाई. गाडी जॅकवर टांगून आवळली की पाट्याच्या टोकाच्या बुशाचं रबर पिळून बसतं. मग जन्मभर करकर."

"लगीन बी तसंच असतंय," बायडाबाई टपरीतून म्हणाली. "काय रं सोपान, आज 'ताई' म्हनला न्हाईस एकदा बी?"

सोपानचा पाना निसटला. जया एकदम कळशी धुवायला गेली.

जाताना तो म्हणाला, "नवं काम हाय. पाटे एकमेकांवर बसतात, तवर त्यांना आक्सलला धरणारे यू-बोल्ट ढिले पडतात. आठवडाभर चालवा आन्... आवळायला परत या."

---

ती परत गेली. बोल्ट खरंच थोडे ढिले झाले होते. त्याने आवळले, आणि हात पुसत म्हणाला, "अजून एकदा या."

घरी आल्यावर जयाला वाटलं, नट खरंच फिरतात का ते मोजायला हवं. मावशीने दिलेली लाल नेलपॉलिशची बाटली पडून होती. नखांना तिने ती कधी लावली नव्हती. ती गाडीखाली शिरली आणि एका नटावरून थेट बोल्टपर्यंत एक बारीक लाल रेघ ओढली. नट जराही फिरला तर रेघ तुटणार.

पुढच्या आठवड्यात तिने पाहिलं. धुळीखाली रेघ अखंड होती. म्हणजे मंचरला जायची काही गरज नव्हती.

ती गेली.

सोपान गाडीखाली शिरला, बराच वेळ पाना वाजवला, बाहेर येऊन गंभीरपणे म्हणाला, "जरासे ढिले व्हते. अजून एकदा आलात तर बरं." ती घरी आली, वाकून धूळ पुसली. रेघ तशीच. म्हणजे त्याने पाना नुसता लावला होता, फिरवला नव्हता. गाडीखाली, पाठीवर पडल्यापडल्या जया एकटीच हसली, आणि मग रेघेवर बोटाने पुन्हा माती चोळून ठेवली. प्रयोग सुरू असताना त्याला हात लावायचा नसतो.

पुढच्या खेपेला बायडाबाईने कपाळावर हात मारला. "त्या ट्रकवाल्याला तर म्हनलास, एकदा आवळलं की बास! हिच्या गाडीला काय रोज नवा बोल्ट फुटतो का रं?"

"मावशी, डोंगराची वाट हाय," सोपान कान लाल करून म्हणाला. "पोळी तुटली तर... ह्यांना पुण्याला जावं लागंल."

जयाने हे त्याला कधीतरी सहज सांगितलं होतं. त्याने ते सहज ऐकलं नव्हतं तर.

---

कांद्याची फुलं सुकली. पेट्या वर न्यायच्या दिवशी पहाटे सोपान बोरीत हजर होता, हातात पान्यांची पिशवी.

"मी हौद्यात बसतो. दणका कुठं लागतो ते बसलेल्यालाच कळतं."

"माश्या चावतील."

"चावू द्या. वळख तरी होईल."

आण्णा ओट्यावर उभे होते. त्यांनी गाडीचं मागचं अंग तेवढं निरखून पाहिलं, आणि सोपानलाही.

मंचर मागे पडलं, घोडेगाव गेलं, डिंभ्याचं पाणी उजाडत्या उन्हात चमकलं. शेवटचा टप्पा कच्च्या वाटेचा. प्रत्येक दगडाला जयाचा श्वास थांबायचा. मागून आवाज यायचा, "हाय, हाय... सावकाश... हाय." मग ओढा आला, घोटाभर पाणी, आणि पलीकडे घळ. तिने डोळे जवळजवळ मिटलेच. गाडी खाली बसली... बसली... आणि कशावर तरी अलगद टेकून वर आली. ठण् झालं नाही.

कुशाबाच्या वाडीत तिने पहिली पेटी उघडली. मग दुसरी. मग सगळ्या. पोळी जागच्या जागी, मधाने जड, माश्या शांतपणे त्यांच्यावर फिरत होत्या. कुशाबाने गाडीखाली वाकून पाहिलं. "जया, एक थेंब न्हाई गळला गं."

तिने मागे पाहिलं तर सोपानची एक भुवई टम्म सुजली होती.

"ओढू नका!" ती धावली. "काटा उपटला की विष आत जातं. खरवडून काढायचा." तिने त्याचा चेहरा हातात धरला आणि नखाने हलकेच काटा खरवडला. तो अगदी स्तब्ध होता. काटा निघाल्यावरही तिचा हात थोडा वेळ तिथेच राहिला...

"मी... बोल्ट बघून घेतो," तो घाईने म्हणाला आणि गाडीखाली शिरला.

जयाच्या लक्षात आलं, तेव्हा उशीर झाला होता. ओढ्याच्या पाण्याने रेघेवरची सगळी माती धुऊन निघाली होती.

गाडीखाली पाना एकदा वाजला आणि थांबला. मग, "ही लाल रेघ कसली?"

ती वाकून बसली. "खूण. नट फिरला तर तुटते."

"कवा काढली?"

"तुम्ही पहिल्यांदा आवळलेत त्यानंतर."

जांभळाच्या झाडात पहिल्या माश्या गुणगुणायला लागल्या होत्या.

"मंजी... मी नुसता पाना वाजवायचो, हे तुमाला ठावं व्हतं?"

"हो."

"मग यायचात कशाला?"

"तुम्ही बोलवायचात कशाला?"

तो गाडीखालून बाहेर आला. केसांत माती, एक डोळा जवळजवळ मिटलेला, आणि दुसऱ्यात सगळं उत्तर. "आता तर बोलवायला काय कारण बी उरलं न्हाई," तो म्हणाला. "गाडी पक्की झाली. तुमी पुण्याला जाणार न्हाई, एवढं झालं. बास."

"बास?"

त्याने मान खाली घातली. "मला तुमी आवडता, जया. पाटे काढायला सांगितलेत त्या दिवसापासून. आता... बोरीला यायचं तर कोणतं काम काढू?"

जयाने ओढणीच्या टोकाने त्याच्या भुवईवरची माती पुसली. या वेळी तिने टोक त्याच्या हातात दिलं नाही.

"रविवारी आण्णा घरी असतात," ती म्हणाली. "काम काढू नकोस, सोपान. काम नसताना ये."