खडूची खूण

ताईची नवी, म्हणजे कुणीतरी वापरून टाकलेली, गाडी दारात आली तेव्हा मी दुसऱ्याच एका गाडीखाली पडलो होतो. तिथून मला फक्त चाकं दिसली. तीन टायर गुळगुळीत आणि एक कोरा करकरीत. कपाळाला हात लावावासा वाटला, पण हात ग्रीसने माखलेले होते.

"बघ ठोकळ्या, चारही चाकांना ताकद आहे," ताई म्हणाली. "डोंगरावर अशीच लागते म्हणे."

"घेण्याआधी मला विचारायचं होतंस."

"तू नको म्हणाला असतास."

ते खरंच होतं. डोंगरावरच्या दवाखान्यात तिला परिचारिकेची जागा मिळाली होती, राहायला घर होतं, पण तिथे एसटी जात नाही. सोमवारी हजर झाली नाही तर जागा दुसरीला जाणार. भावोजी गेल्यापासून ती माझ्याकडे राहत होती आणि माझ्या घरात पाहुण्यासारखी वावरत होती. तिला स्वतःचं दार हवं होतं.

"वळणावर मागून ढकलल्यासारखं होतं," ती म्हणाली. "कुणाला तरी घाई असल्यासारखं."

यात नवल काही नव्हतं. अशा गाडीचे चारही टायर सारखे झिजलेले लागतात. एक जरी मोठा पडला की पुढची आणि मागची चाकं आपापसांत भांडतात आणि मधल्या दांड्याला पीळ बसतो. विकणाऱ्याने एकच टायर बदलून हात झटकले होते. मी चार सारखे टायर चढवले आणि चक्कर मारून आलो. ढकलणं तसंच.

मग मागच्या गिअरपेटीतलं तेल काढलं. तेलात लोखंडाचा कीस सापडला असता तर मला आनंद झाला असता, पण ते स्वच्छ होतं. गाडी उचलून चाकं हाताने फिरवली, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मागच्या गिअरपेटीवर आणि मूठ कानाला लावून ऐकलं. बेअरिंग ठणठणीत. कंबर मोडून निघाली होती आणि दोष काही हाताला लागत नव्हता.

शेवटी मी ताकद मागे नेणारा तो मधला लांब दांडा, म्हणजे शाफ्टच, काढून टाकला. काढण्याआधी दोन्ही बाजूंना खडूने खूण केली. पुढेमागे बसवायचा झाला तर त्याच जागी बसावा म्हणून. शाफ्ट दोन ठोकळ्यांवर ठेवला, खूण वर करून. आता मागची चाकं नुसती सोबतीला होती.

ताईला शेजारी बसवून गॅरेजमागच्या खडीच्या चढावर गाडी घातली. मध्यावर पुढची चाकं जागच्या जागी गरगरली. इथे गाडी अडकायला हवी होती. ती चढली.

"बरी झाली की," ताई म्हणाली.

मी उतरून खडी पाहिली. मागच्या चाकांनी ती उकरली होती. मी बराच वेळ तिथे उभा राहिलो आणि मग स्वतःला सांगितलं की खडी ओली आहे, मी थकलोय, उद्या नीट पाहू. गॅरेजात आलो तर शाफ्टवरची खूण खाली गेली होती. धक्का लागून घरंगळला असेल, म्हणून मी तो पुन्हा वर केला आणि दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकल्या.

रविवारी सकाळी ताई निघाली. मी गाडी पुन्हा खालून पाहिली होती, ब्रेक पाहिले होते. बिघडण्यासारखं मागे काही उरलंच नव्हतं. कोणत्या तोंडाने तिला थांबवणार होतो?

"पोचले की फोन करते. आणि दाढी कर, रोगी दिसतोस."

ती कोपऱ्यावर वळली आणि आत गॅरेजात कसलातरी खरखर आवाज सुरू झाला. पाचरींमध्ये शाफ्ट फिरत होता. खूण वर यायची, खाली जायची, पुन्हा वर.

मी फोन लावला. ती गाडी चालवताना उचलत नाही; मीच तिला शिकवलं होतं. नंतर तिच्या फोनला रेंजच राहिली नाही.

मग मी स्टुलावर बसून राहिलो. दुसरं काय करणार? सरळ रस्त्यावर शाफ्ट भरभर फिरला. घाट लागला तसा मंदावला. मधेच थांबला तेव्हा मी स्टुलावरून उठलो, मग पुन्हा हळूहळू फिरू लागला. समोरून ट्रक आला असेल, तिने वाट दिली असेल. एका गिऱ्हाईकाला मी हात हलवून परत पाठवलं. भीती तर वाटत होतीच, पण डोळेही मिटत होते, आणि त्या खरखरीची मला सवय होत चालली होती.

दुपारी शाफ्ट थांबला. थोड्याच वेळात फोन वाजला.

"पोचले रे. छान आहे घर. काही त्रास नाही दिला गाडीने."

मला रडूच आलं. "गाडी कुठे आहे?"

"फाटकाबाहेर. हँडब्रेक लावलाय, चावी हातात आहे. झालं समाधान?"

शाफ्ट हलला.

आधी उलटा फिरला, अर्धा फेरा. थबकला, गिअर बदलताना थबकतो तेवढाच. मग सरळ फिरू लागला, अगदी सावकाश.

"ताई, आत जा."

"का?"

"गार वारा असेल. आत जा आणि दार लाव."

"आई झालास की माझी." ती हसली. कडी लागल्याचा आवाज आला. "हं, लावलं."

शाफ्ट थांबला. खूण वर होती, मी केली होती तिथेच.

फोनमध्ये तिची पावलं वाजली. खिडकीशी गेली असावी.

"ठोकळ्या," ती हळूच म्हणाली, "फाटक तर बंदच आहे. मग गाडी पायरीशी कशी?"