डॉर्सीने आणलेलं हरीण

"तुझा खटला पळवला गं कंपनीने," वकिलाची कारकून व्हर्ना फोनवर म्हणाली. "आपल्या कोर्टातून थेट फेडरल कोर्टात."

ट्वायला हिंकलला खोकल्याची उबळ आली. ती कोंबडीच्या मांसाच्या कारखान्यात कामाला होती. कापलेल्या कोंबड्या धुवायच्या औषधाच्या वाफेने बायकांची फुप्फुसं खंगतायत, अशी तिने तक्रार केली आणि आठवड्यात कारखान्याने तिला काढलं. दावा लावला तो इथे, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या ज्युरीपुढे. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं कोर्ट डोंगरापलीकडे, तीन तासांवर. तेवढा घाट तिला झेपणार नव्हता, हे कंपनीला पक्कं ठाऊक होतं.

तासाभरात व्हर्ना तिच्या स्वयंपाकघरात कागद पसरून बसली.

"कंपनीला समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांतच खटला हलवता येतो. सोमवारी मिळालं असेल, तर मुदत टळलीय. मंगळवारी मिळालं असेल, तर शेवटच्या दिवशी साधलंय. बजावलं कुणी?"

"डॉर्सीने. माझा धाकटा दीर, शेरीफच्या पोलिसांत डेप्युटी आहे."

समन्स बजावल्याच्या अहवालावर डॉर्सीची सही होती. मंगळवार, सकाळी नऊ. व्हर्नाने सुस्कारा सोडला.

"असू दे, जेवून जा," ट्वायलाने फ्रीजरमधून मांसाची पुडी काढली. "नवरा गेल्यापासून शिकारीच्या हंगामातलं पहिलं हरीण डॉर्सी मलाच आणून देतो. विसरत नाही बिचारा."

हंगामात खाटकाकडे रांग लागते, म्हणून खाटीक प्रत्येक पुडीवर हरीण कधी आलं ते लिहितो. 'हिंकल. मंगळवार, सकाळी ९.' तारीखही अहवालावरचीच. व्हर्नाने पुडी उघडू दिली नाही. तिने डॉर्सीला बोलावून घेतलं.

"हरीण कधी पाडलंस रे?"

"मंगळवारी पहाटे. सोमवारी ड्युटी होती, मंगळवारी सुट्टी."

"खाटकाकडे स्वतः नेलंस?"

"मग दुसरं कोण नेणार?"

व्हर्नाने पुडी अहवालाशेजारी ठेवली. "म्हणजे नऊला तू खाटकाच्या दारात होतास, कारखान्यात नव्हतास. समन्स तू सोमवारीच ड्युटीवर दिलंस आणि मागाहून वार बदललास. का रे बाबा?"

डॉर्सीने टोपी काढून टेबलावर ठेवली.

"कारखान्याचा साहेब म्हणाला, एका वाराचा तर फरक. माझी पोरगी मार्ली तिथेच कामाला आहे, वहिनी. तोंड उघडल्यावर काय होतं ते तुमच्याकडे बघून कळलं मला."

"ती कोंबड्या धुवायच्या खात्यात आहे ना?" ट्वायलाने विचारलं. "खोकते का?"

 डॉर्सीने होकाराची मान हलवली आणि शपथपत्रासाठी पेन मागितलं.

खटला गावात परत आला. त्याच महिन्यात डॉर्सीची वर्दी गेली, मार्लीची नोकरीही गेली. ज्युरीपुढे ट्वायलाच्या बाजूने पहिली साक्ष मार्लीने दिली. अधूनमधून खोकत, पण सगळं सांगितलं.

पुढच्या हंगामात हरीण आलं नाही; घरखर्चासाठी बंदूक विकावी लागली होती. डॉर्सी दाराशी आला, रिकाम्या हातांनी. ट्वायलाने त्याला आत घेतलं आणि बीन्सचं ताट वाढलं.