तिसरा तुकडा

प्रयोगशाळेत प्रत्येक विषाणूला टोपणनाव असे. तिच्या नवऱ्याच्या घशातून घेतलेल्या नमुन्याला सगळे ‘यजमान’ म्हणत, अर्थात तिच्या पाठीमागे. नवरा तापानं गेला त्याला वर्ष होत आलं होतं. विषाणू मात्र फ्रीजरमध्ये ठणठणीत होता.

यंदाचा ताप वेगळा निघाला. दोन विषाणू एकाच पेशीत शिरले की आपापल्या जनुकांच्या तुकड्यांची अदलाबदल करतात आणि तिसराच जन्माला येतो. तो कसा असेल हे आधीच कळावं, म्हणून सरांनी यंदाचा विषाणू आणि ‘यजमान’ एकाच बाटलीत वाढवायला घेतले. बोलताना मास्क हनुवटीवर ओढायची सरांची जुनी खोड. आठवड्याभरात त्यांनी अंथरूण धरलं.

बरे होऊन आले तेव्हा ती काचपट्ट्या पुसत होती. सर दोनदा खोकले, जिभेनं ‘च्क’ केलं आणि म्हणाले, "झालं तुझं?"

तिच्या हातातली पट्टी निसटली. सर तिला कायम अहो-जाहो करत.

"काय म्हणालात?"

"कुठं काय? नुसता खोकलो, मॅडम."

संसारभर तिनं नवऱ्याकडून हेच ऐकलं होतं. दोन खोकले, च्क, झालं तुझं? यातलं काही मुलीपर्यंत पोचू नये, म्हणून ती दार लावून घ्यायची आणि गिळून टाकायची. उलट बोलली ती एकदाच. त्याच्या शेवटच्या आजारपणात, त्याच्या कानाशी वाकून. दोनच शब्द. ते तिसऱ्या माणसाला ठाऊक नव्हते.

मग औषधवाला तसाच खोकला. मग शाळेच्या बसचा ड्रायव्हर.

मग मुलगी तापली.

भर दुपारी ती उशाशी बसलेली असताना सरांचा फोन आला.

"मॅडम, तुम्ही आणलेला त्या ड्रायव्हरचा नमुना तपासला. एक तुकडा यंदाचा. एक... तुमच्या यजमानांचा. तिसरा कशाशीच जुळत नाही. तुम्हाला ताप येऊन गेला का हो?"

"मला? नाही. कधीच नाही."

मुलगी दोनदा खोकली. च्क.

"झालं तुझं?"

"नको गं बाळा. तू नको."

मुलीनं डोळे उघडले नाहीत. ओठ तेवढे हलले. आवाज आईचा होता, दाराआड दाबून धरलेला.

"मरा एकदाचे."

फोन अजून तिच्या कानाला होता. पलीकडे सरही तेच कुजबुजले.