आत्यानं अडवलेलं दार

कळंबच्या त्या घरात सकाळपासून नुसती धांदल उडाली होती. संध्याकाळी भूमहून रणधीरची माणसं सुपारी फोडायला येणार होती. दोन वर्षं वडिलांची मनधरणी करून निकितानं स्वतः पसंत केलेला मुलगा अखेर उंबरा ओलांडून आत येणार, मग तिचे पाय जमिनीवर कसे राहतील? दाराला झेंडूचं तोरण तिनंच बांधलं, दिवाणखाना तिनंच आवरला, आणि आता पाहुण्यांना दाखवायला आई-अण्णांच्या लग्नाचा व्हिडिओ काढून ती कॉम्प्युटरपुढं बसली.

जुनी कॅसेट बाजारातल्या स्टुडिओवाल्यानं पेनड्राइव्हवर भरून दिली होती. फाईल उघडली तर काय, आवाज येतोय आणि पडदा काळाठिक्कर. ताशा, बायकांची कलकल, आणि मग अण्णांचा तरणा आवाज आला, "दिली गं बाई, दिली. आता आत तर येऊ दे."

निकिता खुदकन हसली. नवं जोडपं दारात आलं की नवऱ्याची बहीण दार अडवते, होणारी मुलगी माझ्या मुलाला देतोस का म्हणून विचारते, आणि आत शिरायची घाई झालेला भाऊ हो म्हणून मोकळा होतो. अण्णांना अयोध्याआत्यानं अडवलं होतं. वर्षाच्या आतच आत्या बाळंतपणात गेली, पोटातला मुलगाही गेला. निकितानं तिचा धड फोटोसुद्धा पाहिला नव्हता. आज ती चालती-बोलती दिसणार होती.

चूक प्लेअरची, हे निकितानं लगेच ओळखलं. गल्लीतल्या सगळ्यांचे कॉम्प्युटर तीच तर सुधारायची. तिनं दुसरा प्लेअर टाकला, सेटिंगमध्ये जाऊन यापुढं कुठलाही व्हिडिओ त्यातच उघडेल असं करून ठेवलं आणि फाईलवर क्लिक केलं. चित्र आलं.

"अण्णा, या की पटकन. आत्या दिसायलीय."

बजरंगअण्णा हात पुसत आले. पडद्यावर हेच दार होतं. वर कागदी पताका, खाली मुंडावळ्या बांधलेले अण्णा, मान खाली घातलेली आई, आणि चौकटीला दोन्ही हात लावून हिरव्या लुगड्यातली आत्या. पडद्यावरचे अण्णा म्हणाले, "दिली गं बाई, दिली." सगळे हसले.

आत्या हलली नाही.

हसणं विरलं. ताशाही थांबला. ती तशीच उभी.

"अडकलाय वाटतं," निकिता म्हणाली. पण आत्याचा पदर वाऱ्यानं हलत होता.

"आसं न्हवतं," अण्णा म्हणाले. "लगीच सरकली होती ती. हसत."

"नवा प्लेअरच गंडलाय, अण्णा. दुसरं काय न्हाय."

तिनं पुन्हा सेटिंग उघडली, जुना प्लेअर होता तसा लावला आणि क्लिक केलं. या वेळी आवाज आला नाही. चित्र मात्र आलं, अगदी लख्ख.

दारात आत्या एकटीच होती. नवरा-नवरी नाहीत, वऱ्हाड नाही. पताकाही नाहीत. चौकटीवर झेंडूचं तोरण होतं, आणि त्याची डावी गाठ निकितानं सकाळी बांधली तशीच वाकडी.

आत्याच्या मागं एक पोरगा उभा होता. उंच, पंचविशीचा. नाक थेट आत्याचं.

निकिता खुर्चीसकट मागं सरकली. अण्णांनी बटण बंद करायचीही वाट पाहिली नाही, वायरच उपटली.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली.

"पाव्हणे आले," दीपमालाबाई, निकिताची आई, आतून पदर सावरत लगबगीनं आल्या. निकिताही उठली. दार सताड उघडं होतं. अंगणात रणधीर पेढ्यांचा पुडा घेऊन उभा होता, आणि त्याची आई चप्पल काढून उंबऱ्यापाशी आली होती. तिथंच थांबली होती.

"या की आत," दीपमालाबाई म्हणाल्या.

कुणी पाऊल टाकलं नाही. रणधीरच्या आईच्या तोंडावरचं हसू हळूहळू उतरत होतं. उंबऱ्यावर, जिथं कुणीच नव्हतं, तिथं ती मान किंचित वर करून बघत होती. मग तिनं आत अण्णांकडं पाहिलं.

"ह्या बाई तरण्या पोराला घिऊन उभ्या हायेत. पोरगी कवाच दिलीया म्हणतेत. खरं हाय का, पाव्हणं?"