लख्खूनं घासलेला लायनर

जलपरी या फेरीबोटीच्या धुराड्यातून निळा धूर येत होता, आणि तो येण्याचं काही कारणच नव्हतं.

नऊच दिवसांपूर्वी तिच्या इंजिनात नवा कोरा लायनर बसवला होता. लायनर म्हणजे सिलिंडरच्या आत बसवलेली जाड नळी. तिच्यात पिस्टन (वरखाली पळणारा दट्ट्या) मिनिटाला हजार वेळा घासत असतो. एवढं घासूनही लायनरनं वर्षानुवर्षं मुकाट काम करायचं असतं. हा मात्र नवव्या दिवशीच तेल पिऊ लागला. खाडीच्या मध्यावर पोचेपर्यंत बोट धापा टाकायची.

"इंजिनाला दमा झालाय," जुईचे बाबा म्हणाले. ते जलपरीचे तांडेल, म्हणजे कप्तान. "आणि परवा पलीकडून वऱ्हाड आणायचंय. नव्वद माणसं! शिवाय बँड!"

लग्न जुईच्या चुलतबहिणीचं, रोहिणीताईचं होतं. सन २०६१ उजाडलं तरी काळेथरच्या खाडीवर पूल झाला नव्हता, आणि रस्त्यानं वळसा म्हणजे चार तास. नवरामुलगा मुहूर्ताला पोचला नाही तर रोहिणीताई काय करेल, याचा विचार करायची कोणाची छाती नव्हती.

अकरा वर्षांच्या जुईनं थेट मावशीला फोन लावला. डॉ. मंदाकिनी मयेकर धातुशास्त्रज्ञ होती. ती दुपारीच आली, एका हातात सूक्ष्मदर्शक आणि काखेत फणस घेऊन.

इंजिन उघडलं. जुईनं लायनरमध्ये डोकावून पाहिलं, तर तिला स्वतःचे दात दिसले.

"हा आरसा कोणी केला?" मावशीनं विचारलं.

कोपऱ्यातून एक धातूचा हात हळूच वर गेला. तो लख्खूचा होता. जलपरीवर येण्याआधी हा यंत्रमानव एका हॉटेलात भांडी घासायचा. मळकं काही दिसलं की त्याला राहवायचं नाही. गेल्या महिन्यात त्यानं पोस्टमनच्या टकलालाही पॉलिश केलं होतं.

"आत सगळीकडे तिरके ओरखडे होते," लख्खू म्हणाला. "नव्या वस्तूवर ओरखडे! बसवण्याआधी मी अकरा तास घासून घालवले."

बाबांनी कपाळावर हात मारला. मावशी मात्र हसली. "ते ओरखडे मुद्दाम पाडलेले असतात रे!"

तिनं पत्र्याचे दोन तुकडे घेतले, एक गुळगुळीत आणि एकावर बारीक आडव्यातिडव्या रेघा. दोन्हींवर तेलाचा थेंब टाकून तिनं जुईला ते तेल रबराच्या पट्टीनं ओढून काढायला सांगितलं. गुळगुळीत पत्रा कोरडा झाला. दुसऱ्याच्या रेघांमध्ये तेल चमकत राहिलं.

"म्हणजे आरशावर तेल टिकत नाही!" जुई म्हणाली.

"बरोबर. पिस्टनला रिंगा (लोखंडी कडी) असतात. तेल नसेल तर त्या लायनरवर कोरड्या घासतात आणि खराब होतात. मग वरचा वायू खाली निसटतो, म्हणून जोर जातो. खालचं तेल वर चढून जळतं, म्हणून निळा धूर."

जुईनं थोडा विचार केला. "पण लायनर सर्वांत कठीण पोलादाचा केला, तर तो झिजणारच नाही ना?"

"आणि चमकेलही!" लख्खू आशेनं म्हणाला.

"घासून बघू या," मावशी म्हणाली. तिनं तीन पट्ट्या मांडल्या: ॲल्युमिनियमची, खूप कठीण पोलादाची आणि बिडाची (ओतीव लोखंडाची). प्रत्येक पट्टीवर तेलाचे दोन थेंब टाकून लख्खूनं रिंगेचा तुकडा वीस हजार वेळा घासायचा, असं ठरलं. लख्खू मोठ्यानं मोजू लागला. बाबांनी मध्येच "किती वाजले?" विचारलं, तर "सात हजार चारशे बारा," म्हणाला.

शेवटी सगळे वाकून बघू लागले. ॲल्युमिनियमवर खोल चर पडला होता. पोलादावर साधी रेघही नव्हती.

"पोलाद जिंकलं!" लख्खू ओरडला.

"रिंग बघ," मावशी म्हणाली.

पोलादावर घासलेला तुकडा झिजून कागदासारखा पातळ झाला होता. बिडाची गंमत निराळीच. पट्टी जवळजवळ जशीच्या तशी, आणि तिच्यावरचा रिंगेचा तुकडाही धडधाकट.

"म्हणजे एकटा टिकून उपयोग नाही," जुई सावकाश म्हणाली. "दोघंही टिकायला हवेत. जोडी बघून निवडायचं!"

"रोहिणीच्या लग्नासारखंच," बाबा पुटपुटले.

"पण बिडात असं आहे तरी काय?" जुईनं विचारलं.

मावशीनं बिडाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. "ई! काळ्या अळ्या!" जुई ओरडली.

"अळ्या नाहीत, ग्राफाइटचे पापुद्रे आहेत. पेन्सिलीच्या शिशात असतं तेच. ते निसरडं असतं. तेल क्षणभर कमी पडलं, तर तेच वंगणाचं काम करतं. शिवाय या बिडात चिमूटभर फॉस्फरस आणि क्रोमियम घातलंय. त्यानं आत कठीण जाळी तयार होते आणि ती घासणं सोसते. तुझ्या आईचा घावनाचा तवा याच जातीचा."

जलपरीचा लायनर बिडाचाच होता; आता त्याच्यावर पुन्हा रेघा पाडायच्या होत्या. फिरता घासणदगड आत वरखाली न्यायचा, म्हणजे रेघा एकमेकींना छेदतात. एवढा सफाईदार हात फक्त लख्खूचा होता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"चकचकीत वस्तूवर मी डाग पाडणार नाही."

"लख्खू," जुई त्याच्याजवळ जाऊन म्हणाली, "हे डाग नाहीत. बागेत पाणी जायला पाट काढतात ना, तसे हे तेलाचे पाट आहेत. ते नसले तर रिंगा तहानेनं मरतील."

लख्खूनं भिंतीकडची मान वळवली. मग त्यानं विचारलं, "पाट सरळ हवेत ना? सारख्या अंतरावर?"

"अगदी सारख्या."

तो कामाला लागला. दुपारी बाबांनी नव्या रिंगा चढवल्या आणि इंजिन जुळवलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी जलपरी पलीकडे गेली आणि वऱ्हाड घेऊन निघाली. बँडवाले टपावर, करवल्या कठड्याला, आणि नवरामुलगा बाबांच्या खुर्चीत मुंडावळ्या सावरत बसलेला. खाडीचा मध्य आला. बाबा धुराड्याकडे टक लावून होते. तिथून पांढुरकी वाफ तेवढी निघाली. बँडनं जोरात ठेका धरला आणि मुहूर्ताला चाळीस मिनिटं असताना बोट धक्क्याला लागली.

वऱ्हाड उतरत होतं, तरी जुई इंजिनाजवळच उभी होती. "मावशी, चंद्रावरच्या गाड्यांचं काय? तिथं तर हवाच नाही."

"तिथं साधं तेल टिकत नाही, हळूहळू उडून जातं. आणि धूळ काचेच्या चुऱ्यासारखी, सगळं खरवडून काढते."

"मग तिथं कोणती जोडी लावायची?"

"अजून मनासारखी सापडलेली नाही. शोधतोय आम्ही."

जुईनं डोळे बारीक केले. "ती धूळ मिळेल का थोडी?"

"खरी नाही, पण तशीच बनवता येते," मावशी म्हणाली. "मंगळवारी माझ्या प्रयोगशाळेत ये. जुने कपडे घालून ये मात्र."