साडेचार बोटं

चैत्रातली दुपार होती. मालोजीराव बैलगाडी घेऊन पिंपरीला गेले होते. तिथं औषधांचा नवा कारखाना उभा राहत होता आणि तळवड्याच्या सगळ्या गाड्या त्याच्या पायासाठी दगड वाहत होत्या. त्यांची बायको अंबूबाई घरात एकटीच, माजघरात वाकळेवर पडलेली.

पुण्याच्या दवाखान्यात तिची पिशवी काढली त्याला चार महिने झाले होते. जखम भरली, पण टाक्यांभोवतीची वीतभर जागा बधिर ती बधिरच. सुई टोचली तरी कळत नसे. आत मात्र सारखा ठणका. उकिडवं बसायला जावं तर डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. आणि अंबूबाई होती गावाची सुईण! उभ्या उभ्या बाळंतपणं करायला ती काही दवाखान्यातली डाक्टरीण नव्हती. त्यात शेजारची मंजुळाबाई पाणवठ्यावर बोलून गेली होती, "जिचं पोटच रिकामं, तिचा हात बाळंतिणीला कशाला लावायचा?" तेव्हापासून एकाही घरातून बोलावणं आलं नव्हतं. ते तिला टाक्यांपेक्षा जास्त लागलं होतं.

डोळा लागणार, तोच ओव्याच्या धुरीचा वास आला.

बाळंतिणीच्या शेकाची शेगडी तर सासू गेल्यापासून कोपऱ्यात थंडच पडलेली. अंबूबाईनं मान वळवली. शेगडीत निखारे लाल झाले होते... आणि त्यांच्यामागं, अंधारात, कुणीतरी बोटं मोडत होतं.

कट्... कट्...

अंबूबाईनं कान टवकारले. बाळंतिणीला हात लावण्याआधी अशी बोटं मोडायची खोड एकाच बाईची. तिची सासू, यशोदाबाई. उजव्या हाताचं पहिलं बोट विळ्यानं अर्धं गेलेलं. त्याच साडेचार बोटांनी तिनं सुनेला ही विद्या शिकवली होती. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती.

"आत्याबाई... तुमी?"

निखाऱ्यांवर शेकलेला तळवा तिच्या ओटीपोटावर टेकला, नेमका बधिर जागेवर. जिथं सुई कळत नव्हती तिथं तिला ऊब कळली, एकेक बोट वेगळं कळलं... चार पुरी, एक अर्धं.

"ऊठ."

आणि दार वाजलं. दारात मंजुळाबाई, तोंडचं पाणी पळालेलं.

"अंबू, चल गं माझे बाई... सून सकाळधरनं अडलीय. पोर आडवं हाय. पुण्याला न्यायला गावात गाडी न्हाई. माझी जीभ झडली, पण तू चल!"

अंबूबाईनं कोपऱ्याकडं पाहिलं. शेगडीत गार राख होती, वर कोळ्याचं जाळं, तेही न मोडलेलं. तिची पाचावर धारण बसली. तरी ती उठली.

मंजुळाबाईची सून इंद्रायणी अर्धी शुद्ध हरपून पडली होती. अंबूबाई तिच्यापुढं उकिडवी बसली. ठणका पार मस्तकात गेला. तिनं दातओठ आवळले, पण बसूनच राहिली. पोरीच्या पोटावर तेलाचा हात ठेवला, आणि काय सांगावं! बाळाचं डोकं कुठं, पाठ कुठं, सगळं तिच्या स्वतःच्या बधिर जागेत उमटू लागलं. त्या खुणेनं ती हलक्या हातानं बाळ वळवत गेली. ऊन उतरायच्या आत पोरानं टाहो फोडला.

मग मंजुळाबाईनं सगळ्या आळीदेखत तिची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. "चुकले गं," म्हणाली आणि रडली. अंबूबाई ठणकत्या पोटानं, भरल्या पदरानं, भर रस्त्यातून ताठ मानेनं घरी गेली. एवढा आनंद तिला स्वतःच्या लग्नातसुद्धा झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती बाळाला न्हाऊ घालायला गेली. ओटीपोट पुन्हा बधिर झालं होतं, पण आता त्याचं तिला काही वाटत नव्हतं. तिनं बाळ पायांवर पालथं घेतलं, तशी मंजुळाबाई वाकून बघायला लागली.

"अगं, हे काय? तुझा हात जोरात पडला का काय?"

पाठीवर लालसर पंजा उमटला होता. अंबूबाईनं आपली पाचही धडधाकट बोटं त्यावर ठेवून पाहिली. पहिल्या बोटाखाली निम्मी जागा कोरी होती.

तिनं पाण्याचा तांब्या उचलला.

"असू दे," ती हळूच म्हणाली. "हात आमच्या घरचाच हाय."