मोट थांबते त्या दिवशी

सन पस्तीसचा हिवाळा. रनाळ्याला आमच्या मिरचीला पाणी चाललं होतं. मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याशी मी पाय धूत होते, तोच एक तरणा पाहुणा आमच्या विहिरीत दोर सोडू लागला. दोर मोटेत अडकला, तो वाकला… आणि टोपी विहिरीत! मी खुदकन हसले.

“हसता काय? तालुक्यातल्या विहिरींचं पाणी कसं नि कधी मोजायचं, ते ठरवायला धुळ्याहून आलोय.”

“मोट चाली ऱ्हायनी, पानी खाल जाई ऱ्हायनं, अन् तुम्ही मोजी ऱ्हायनात?”

“मग कधी मोजू?”

“आमावसले. त्या दिन कोनी बैल जुपस नही.”

तो बघतच राहिला… माझ्याकडे. एकोणीसची झाले तरी एकही स्थळ मला पसंत पडलं नव्हतं. आणि आता हे काळीज!

रूपचंद नाव, शहाद्याकडचा, आमच्याच जातीचा. आबांनी, माझ्या वडिलांनी, गूळपाणी देताना हे विचारलं, मी दाराआडून ऐकलं. मग तो दर अमावास्येला येऊ लागला. दोर मी धरायची, किती भिजला ते तो पाहायचा, बोटांना बोटं लागायची… लोक अमावास्येला भितात, मी तिची वाट पाहायची.

एका अमावास्येला त्यानं दोर गुंडाळून बाजूला ठेवला.

“योजना मंजूर झाली,” तो म्हणाला. “दर अमावास्येला, एकाच दिवशी सगळ्या गावांत मोजणी. गावोगावी माणूस नेमायचा. मी मात्र धुळ्याला, कचेरीत.”

मीच सुचवलेली अमावास्या माझ्यावरच उलटली होती.

“इथं तू मोजशील?”

“एकलीले दोर धराता येस नही,” मी फणकारले.

तो हसला. मग शाळेतली मराठी सोडून हळूच म्हणाला, “मंग मन्हासंगे धुळाले चाल. माले तू आवडस, कोकिळा…”

मी पदर चावत घरात पळाले. तो तडक ओट्यावर, आबांसमोर.

“आबा, कोकिळाले मांगाले उनू.”

आबांची तंबाखू मळायची थांबली. “आमावसले मांगनी? येडा शे का?”

रूपचंदचं तोंड एवढंसं झालं. आमची सगळी ओळखच अमावास्येची, दुसरा दिवस बिचाऱ्याला सुचणार कसा? दाराआड मी कडी घट्ट धरली.

आबांनी तंबाखू तोंडात टाकली. “सकाय पाडवा शे. आज आठेच मुक्काम कर. सकाय इचार.”

मला कुठला धीर! “आबा,” मी आतूनच विचारलं, “पाव्हनाले सकाय पुरनपोयी चाली का?”

आबांच्या आधीच उत्तर आलं.

“चाली,” रूपचंद म्हणाला. “रोज चाली.”